टीव्हीची वर्गणी : आपण नेमके कशाचे पैसे भरतो?

(सोलापुरात ग्राहकांच्या प्रश्नांवर झालेल्या एका रविवारच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत दोन-तीन जण हसले, ते मी पाहिलं. तलाक, शिष्यवृत्ती, रेशन कार्ड, दाखले असे विषय आपण इथे घेतो, आणि आज एकदम टीव्हीचं रिचार्ज! पण खिशातून दर महिन्याला न चुकता पैसे जातात आणि का जातात ते कोणी विचारत नाही, असा खर्च घरात दुसरा कुठला आहे सांगा. मी वीस वर्षं याच शहरात केबल चालवली. तेव्हा आज बोलतो ते ग्राहक म्हणून कमी आणि पैसे गोळा करणारा म्हणून जास्त. काही गोष्टी कबूल करायच्या आहेत, त्याही करतो.

आधी शब्द बघू. ‘सबस्क्रिप्शन’ला मराठीत आपण वर्गणी म्हणतो. आमच्या घरी चंदा म्हणत. मासिकाचा चंदा, मशिदीचा चंदा, गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी. या शब्दात एक गोष्ट गृहीत आहे: चार जणांनी मिळून काहीतरी उभं केलं आणि त्यात आपला वाटा आहे. मासिकाची वर्षाची वर्गणी भरली की बारा अंक येतात, आणि पुढच्या वर्षी नाही भरली तरी ते बारा अंक कपाटात राहतात. टीव्हीच्या वर्गणीत मागे काय राहतं? काही नाही. महिना संपला, पडदा काळा. म्हणजे ही वर्गणी नाही, हे भाडं आहे. आपण कार्यक्रम विकत घेत नाही, वाहिनीही विकत घेत नाही, ठरावीक दिवस बघण्याची परवानगी घेतो. एवढं एक लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पूर्वी सरकारही हे भाडं घ्यायचं. इथे साठीच्या पुढचे जे आहेत त्यांना रेडिओचं लायसन्स आठवत असेल. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का घ्यायचा. टीव्हीलाही तसंच लायसन्स होतं. ऐंशीच्या दशकात ते गेलं आणि दूरदर्शन फुकट झालं, म्हणजे आपल्या करातून आणि जाहिरातींतून चालू लागलं. मग १९९१ साली आखाती युद्ध झालं, मोठ्या हॉटेलांत परदेशी बातम्या दिसू लागल्या, त्याच वर्षी स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं. आणि आमच्यासारख्या बेकार पोरांना धंदा मिळाला.

मी १९९३ साली सुरुवात केली. गच्चीवर डिश, जिन्याखालच्या खोलीत कंट्रोल रूम. कंट्रोल रूम म्हणजे काय, एक टेबल, रिसीव्हर, व्हीसीआर आणि एक पंखा. वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर, मध्ये विजेचा खांब आला तर त्याला गुंडाळून. लांब गेलं की चित्र पांढरं पडायचं, मग मध्ये अॅम्प्लिफायर बसवायचा. महिन्याला साठ रुपये घ्यायचो, नंतर ऐंशी, नंतर शंभर. रात्री दहाला व्हीसीआरवर एक पिक्चर. कुठला, ते मी ठरवायचो.

त्या काळात प्रत्येक घराला वेगळं बटण नव्हतं. वायरमध्ये जे सोडलं ते सगळ्यांच्या घरी सारखं. ज्या वाहिन्या पैसे मागत, त्या मला विचारायच्या, जोडण्या किती? माझ्याकडे चारशे होत्या, मी सव्वाशे सांगायचो. करमणूक करही जोडणीवर होता, तिथेही सव्वाशेच. सगळेच असं करायचे, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो. ही पहिली कबुली.

दुसरी कबुली जरा जड आहे. १९९८-९९ ची गोष्ट असेल. मोहल्ल्यातले चार बुजुर्ग माझ्याकडे आले. म्हणाले, अमुक वाहिनी बंद कर, पोरं बिघडतात. मी बंद केली. मग आले, म्हणाले दुपारच्या मालिकांची ती वाहिनीही बंद कर, बायका काम सोडून बसतात. मी तीही बंद केली. चारशे घरांचा निर्णय जिन्याखाली बसून एका मिनिटात. कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्याची पद्धतच नव्हती. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली एक विडी कामगार बाई दारात आली. मी त्यांना खाला म्हणतो. हातात सूप तसंच होतं, पत्ता-तंबाखूसकट. म्हणाली, “भाई, पैसे मैं देती, और बंद करने का हुकुम उनका?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सिग्नल खराब आहे असं खोटं सांगितलं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचे हात कामात असतात, डोळे आणि कान तेवढे मोकळे असतात. तिचं काम थांबत नव्हतंच. उलट त्या मालिकेवर ती बसून राहायची.

खालाचा प्रश्न तसा मोठ्या कोर्टातलाच आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, पण निकाल बघणाऱ्याच्या हक्कापर्यंत गेला. त्याच वर्षी केबलचा कायदा आला. आम्हाला पोस्टात नोंदणी करावी लागली, आणि दूरदर्शनच्या ठरलेल्या वाहिन्या दाखवणं सक्तीचं झालं. पण दुपारच्या मालिकेबद्दल खालाला कोण विचारणार, हे कुठल्याच कायद्यात नव्हतं.

तो बदल खोक्याने केला. ३१ मार्च २०१३ ही ३८ शहरांसाठीची मुदत होती, त्यात आपलं सोलापूर होतं. सेट टॉप बॉक्स लावल्याशिवाय केबल दिसणार नाही असा नियम झाला. लोकांना वाटलं, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून खोका आहे. स्वच्छ दिसतंच, पण खोक्याचं खरं काम कुलपाचं. सिग्नल बंद पाकिटात येतो, प्रत्येक खोक्याला आपला नंबर असतो, आणि कुठल्या नंबरला कुठलं पाकीट उघडू द्यायचं ते वरून ठरतं. त्यामुळे प्रत्येक घर वेगळं मोजता येतं. माझे सव्वाशे एका रात्रीत चारशे झाले. माझा धंदा तिथेच मोडला, आणि खरं सांगायचं तर मोडायलाच हवा होता.

एक गोष्ट मात्र लोकांच्या विरुद्ध गेली. खोक्याचे पैसे तुम्ही भरले, पण केबलवाला बदलला की तो खोका दुसऱ्याकडे चालत नाही. मोबाइलचं सिम बदलतो तसं व्हावं, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. आपल्या माळ्यावर पडलेले जुने खोके बघा, म्हणजे त्या शिफारशीचं काय झालं ते कळेल.

आता बिलाकडे येतो. हे जरा नीट ऐका, कारण पैसे इथे आहेत. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत आली. तिचे दोन भाग. पहिला भाग म्हणजे जोडणीचं भाडं, जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. यात आधी १०० वाहिन्या होत्या, पुढे २०० झाल्या. दुसरा भाग म्हणजे ज्या वाहिन्या पैसे मागतात त्यांची किंमत. ती प्रत्येक वाहिनीने जाहीर करायची, आणि ग्राहकाने हवी ती एकेक उचलायची. कागदावर हे फार चांगलं होतं. भाजीवाल्याकडे जाऊन पाव किलो गवार मागावी तसं.

पण झालं काय? वाहिनीवाल्यांनी गठ्ठे केले. समजा एक लोकप्रिय वाहिनी १९ रुपयांची आहे आणि कोणी न बघणाऱ्या नऊ वाहिन्या मिळून २१ रुपयांच्या. सगळ्यांची बेरीज ४०. गठ्ठ्यावर ४५ टक्के सूट दिली की दहाच्या दहा २२ रुपयांत. मग एकीसाठी १९ कोण देईल? तीन रुपयांत नऊ मिळतात म्हणून आपण गठ्ठा घेतो, आणि त्या नऊ वाहिन्या जाहिरातवाल्यांना सांगतात, बघा, आम्ही इतक्या लाख घरांत आहोत. १९ रुपयांची मर्यादा हवेतून आलेली नाही, त्याहून महाग वाहिनी गठ्ठ्यात घालता येत नाही असा नियम आहे. मध्ये ती १२ वर आणली होती, २०२२ साली परत १९ केली. आणि जुलै २०२४ मध्ये जोडणीच्या भाड्यावरची १३० ची मर्यादाच काढली. आता किती घ्यायचं ते चालक ठरवणार, फक्त त्याने ते जाहीर करायचं. म्हणजे बिल वाचण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा आपल्यावर जास्त आली.

आपल्या सोलापूरची अडचण आणखी निराळी. एकाच घरात आजीला तेलुगू हवं, सून इंडीकडची म्हणून कन्नड, पोरांना मराठी-हिंदी, आणि कोणाला उर्दू. कंपनीचा ‘महाराष्ट्र पॅक’ मुंबईत बसून बनवलेला असतो, त्याला ही गल्ली माहीत नाही. मग लोक ‘ऑल साउथ’ घेतात आणि ज्या दोन भाषा घरात कोणालाच येत नाहीत त्यांचेही पैसे भरतात. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठवडाभर कोणी काय पाहिलं ते लिहून काढलं. एकाही घरात पंधराच्या वर वाहिन्या निघाल्या नाहीत. सहा घरांनी गठ्ठे काढून सुट्या वाहिन्या घेतल्या, त्यातल्या चौघांचं बिल कमी झालं. दोघांचं मात्र वाढलं, त्यांना गठ्ठाच परवडत होता. म्हणून मी ‘गठ्ठा काढा’ असं सरसकट सांगत नाही. हिशेब करा एवढंच सांगतो.

इथे कोणीतरी विचारणार, आणि विचारलंच पाहिजे: जी वृत्तवाहिनी रोज संध्याकाळी आपल्याला शिव्या घालते तिचे पैसे आपण का भरायचे? नका भरू, यादीतून काढा. पण त्याने तिचं फार बिघडेल या भ्रमात राहू नका. बऱ्याचशा वृत्तवाहिन्या फुकट नाहीतर अगदी स्वस्त आहेत. त्यांची कमाई जाहिरातीतून होते. आपण जिथे पैसे देत नाही तिथे आपणच माल असतो, असं माझं मत झालं आहे. तिथे रिमोटपेक्षा तक्रार जास्त उपयोगी. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी वाहिनीकडेच करायची. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर वाहिन्यांच्या संघटनेच्या नियामक मंडळाकडे जाता येतं. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं कुठलं वाक्य, एवढं लिहा. ‘तुम्ही द्वेष पसरवता’ असं मोघम लिहिलेलं पत्र केराच्या टोपलीत जातं. तबलिगी जमातच्या वार्तांकनाबद्दल बेंगळुरूच्या एका नागरिक गटाने असाच नेमका पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये दोन कन्नड वाहिन्यांना दंड झाला. कोणी मोर्चा काढला नव्हता.

ज्यांना महिन्याचा खर्च झेपतच नाही त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि खोक्याचे पैसे एकदाच, नंतर दरमहा शून्य. सह्याद्री आहे, डीडी उर्दू आहे, शाळेच्या मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्या आहेत. मोठ्या कंपन्यांच्या मनोरंजन वाहिन्या कधी तिथे येतात, कधी निघून जातात, कारण फुकट दिसलं तर पैसे कोण भरणार हा त्यांचा हिशेब. आणि एक गंमत: देशाचा महत्त्वाचा क्रिकेट सामना दूरदर्शनला द्यावाच लागतो असा २००७ चा कायदा आहे. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो सामना दूरदर्शनने स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवर दाखवायचा, खासगी केबलवर नाही. म्हणजे तीनशे रुपये भरणाऱ्याच्या घरी दूरदर्शनवर सामना दिसत नाही आणि छत्रीवाल्याच्या घरी दिसतो. आमच्या गल्लीत त्या दिवशी पाव्हणे उलट दिशेने जातात.

आता मोबाइल. इथे वायर नाही, केबलवाला नाही, भांडायला माणूसच नाही. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलं, त्याच्या वर्षभर आधी हॉटस्टार. आता तर रिचार्जबरोबरच कुठलं ना कुठलं अॅप मिळतं. याच भागात आपल्या बायाबापड्या सर्वांत जास्त फसताहेत, म्हणून खालाचीच पुढची गोष्ट सांगतो.

खाला आता सत्तरीला आली. मजुरी खात्यात जमा होते म्हणून मुलाने फोन घेऊन दिला. गेल्या वर्षी भाच्याने एका अॅपवर सात दिवस फुकट बघण्याची सोय घेतली. फुकट असलं तरी खात्याची परवानगी मागतात. त्याने खालाला पिन टाकायला सांगितला, तिने टाकला. सात दिवसांनी भाचा गावी गेला, जाताना अॅप काढून टाकलं. त्याला वाटलं, संपलं. दर महिन्याला २९९ रुपये जात राहिले. पाचव्या महिन्यात खाला पासबुक घेऊन आली: “भाई, मैं तो कुछ ली नहीं, फिर पैसे कायकू कटे?” १४९५ रुपये. त्यासाठी किती हजार विड्या वळाव्या लागतात, ते इथल्या बायकांना मी सांगायला नको.

अॅप काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. हे आज घरी जाऊन सगळ्यांना सांगा. परवानगी बँकेत असते, अॅपमध्ये नाही. रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आहे की असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी निरोप आला पाहिजे, आणि त्या निरोपातून नको म्हणता आलं पाहिजे. खालाला पाचही निरोप आले होते. इंग्रजीत. १५ हजारांपर्यंतच्या रकमेला पहिल्या परवानगीनंतर ओटीपी लागत नाही, त्यामुळे तिला पुन्हा कोणी काही विचारलंच नाही. ज्या अॅपवरून पैसे पाठवता त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो, तो उघडा. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते, आणि तिथेच ती रद्द होते. आम्ही खालाची रद्द केली, दोन मिनिटं लागली. मिळवायला सोपं आणि सोडायला अवघड अशी वर्गणी लावणं हा आता ग्राहकाला फसवण्याचा प्रकार मानला जातो. ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात हा सापळा नावानिशी लिहिलेला आहे.

कंपनीने आधी कानावर हात ठेवले. पिन तुम्हीच टाकला, म्हणाले. मग आम्ही १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एका महिन्याचे २९९ परत आले. चार महिन्यांचे नाही.

भाच्याला मी रागावलो नाही. पण घरात एक गोष्ट बोलली गेली, ती इथे सांगतो. पैसे खालाचे, फोन खालाचा, आणि पाच महिन्यांत तिने त्या अॅपवर एकही गोष्ट पाहिली नव्हती. पूर्वी जिन्याखाली बसून मी ठरवायचो, आता भाचा ठरवतो. अॅपमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, मुलांसाठी वयाप्रमाणे कुलूप लावता येतं. ७, १३, १६ वर्षांच्या वरचं आणि प्रौढांचं असे शिक्के २०२१ च्या नियमांनी सक्तीचे केले आहेत. कुलूप पोरांसाठी आहे. काही घरांत ते कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या, नाहीतर सुनेच्या खात्यावर लावलेलं मी पाहिलं, आणि नवऱ्याचं खातं उघडं. ते बुजुर्ग आठवले. मी त्या घरात गेलो होतो बिल बघायला, त्यामुळे बोललो नाही. बोलायला हवं होतं.

खालाकडे आता फ्री डिशची छत्री आहे. दुपारी जुने पिक्चर लागतात, ती बघत विड्या वळते. राहिलेल्या ११९६ रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज लिहायचा आहे. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कागद माझ्याकडे तयार आहेत, तिचा अंगठा नाही, सही आहे, ती बुधवारी घेणार आहे. तुमच्यापैकी कोणाचे असे पैसे गेले असतील तर पासबुक आणि फोन दोन्ही घेऊन पुढच्या रविवारी या. केबलचं बिलही आणा. मी अकरा वाजल्यापासून इथेच असेन.